विमान बदलायला पुण्यात थांबलात तर

“पुण्यात पाच तास मिळतायत, काय बघू?” असं विचारलं की निम्मे पुणेकर शनिवारवाडा सांगतात आणि उरलेले मिसळीचं हॉटेल. उत्तर चूक नसतं, फक्त ते सदाशिव पेठेत बसून दिलेलं असतं. लोहगावला उतरलेल्या माणसाचा हिशेब वेगळा असतो. विमानतळ शहराच्या ईशान्य टोकाला, शनिवारवाडा तिथून दहा-अकरा किलोमीटरवर, आणि मध्ये नगर रस्ता. हेच अंतर पहाटे सहाला पंचवीस मिनिटांचं असतं आणि संध्याकाळी सहाला सव्वा तास खाऊ शकतं. नागपूरहून येऊन पुढे गोव्याचं विमान पकडायचं असेल, तर आधी घड्याळ बघायचं, ठिकाण नंतर.

घड्याळ मागून लावत यायचं. समजा, दुपारी १२.१० ला उतरलात आणि पुढचं विमान ५.३० चं आहे. तिकिटावर पाच तास वीस मिनिटं दिसतात. देशांतर्गत विमानाचं गेट साधारण २५ मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे ५.०५. सामान द्यायचं असेल तर बहुतेक कंपन्यांचा काउंटर तासभर आधी, ४.३० ला बंद. त्याच्याही आधी दारावर ओळखपत्र, मग सुरक्षा तपासणी, आणि तिथली रांग कधी दहा मिनिटांत सरकते तर कधी चाळीस मिनिटांत. म्हणून हातात फक्त केबिन बॅग असली तरी ४ वाजता टर्मिनलच्या दारात असायचं. सामान द्यायचं असेल तर पावणेचार. आता पुढून बघा. विमान टेकलं १२.१० ला, पण ते थांबणार, दार उघडणार, तुम्ही चालत बाहेर येणार, तोवर १२.४०. बेल्टवरून बॅग घ्यायची असेल तर एक वाजला. म्हणजे १२.४० ते ४, तीन तास वीस मिनिटं. हाच तुमचा खरा वेळ, आणि यातूनच जाणं-येणंही वजा व्हायचं आहे.

गणित तिकिटावरच्या वेळेवरून करू नका, विमान प्रत्यक्ष कधी टेकलं त्यावरून करा. पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं तर बेतही तेवढ्यानं छाटायचा. “थोडं धावपळ करून जमेल” हे वाक्य मनात आलं की समजायचं, जमणार नाही.

माझा ठोकताळा सांगतो. विमान टेकल्यापासून पुढचं सुटेपर्यंत चार तासांपेक्षा कमी असतील तर बाहेर पडू नका. चार ते सहा तास असतील तर आगाखान पॅलेस. पेठांत शिरायचं असेल तर साडेसहा तास तरी हवेत, सकाळी लवकर उतरलात तर पाच चालतील. हे आकडे कामाच्या दिवशी दुपारचे. गणपतीत आणि मोठ्या पावसात यातलं काही धरू नका.

बॅगेचा प्रश्न मात्र उतरण्याआधीच, पहिल्या विमानतळावर सोडवायचा. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असतील तर बॅग बहुधा थेट शेवटच्या गावापर्यंत जाते. तरी काउंटरवर विचारा, आणि पट्टीवरची तीन अक्षरं स्वतः वाचा. मोठ्या अक्षरांत शेवटचा मुक्काम छापलेला असतो. तिथे ‘पीएनक्यू’ दिसलं तर बॅग पुण्यात उतरणार आणि ती बेल्टवरून तुम्हालाच उचलायची आहे. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर हे ठरलेलंच. मग ती बॅग ओढत आगाखान पॅलेसच्या बागेत फिरायचं का, याचा विचार करा. पुढच्या विमानाचा काउंटर चार-पाच तास आधी सामान घेईलच असं नाही. “पुणे स्टेशनच्या अमानती सामानगृहात ठेवू” असा सल्ला कुणीतरी देतंच, पण तिथे रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप लागतं. विमानाचा बोर्डिंग पास तिथे चालत नाही.

वेगळ्या तिकिटांची दुसरी अडचण जास्त महागात पडते. पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी संबंध नसतो. एकाच पीएनआरवर असाल तर अशा वेळी पुढची सोय कंपनी करते. पण विमान वेळेवर आलं आणि तुम्ही नगर रस्त्यावर अडकलात, तर पीएनआर एक असो की दोन, तुमची नोंद ‘आला नाही’ अशीच होते.

आता बाहेर पडू. नवं टर्मिनल जुलै २०२४ पासून सुरू आहे. ॲपवरून बोलावलेली टॅक्सी टर्मिनलच्या दारात येत नाही. ती शेजारच्या एअरोमॉलमध्ये, बहुमजली पार्किंगच्या इमारतीत येते. नवखा माणूस टर्मिनलच्या दारात उभा राहून फोनवर “मी इथेच आहे, तुम्ही कुठे आहात?” करत दहा मिनिटं घालवतो. आधी चालत एअरोमॉल गाठा, मग गाडी बोलवा. रिक्षा बोलावली तरी पिकअपची जागा नकाशावर नीट बघून घ्या.

परत येताना याच्या उलट गफलत होते. ॲपमध्ये नुसतं ‘लोहगाव’ टाकलं तर लोहगाव गावाची खूण लागू शकते. ते गाव धावपट्टीच्या पलीकडच्या अंगाला आहे आणि तिथून टर्मिनलला यायचं म्हणजे मोठा वळसा. ‘पुणे एअरपोर्ट टर्मिनल’ असं पूर्ण लिहा आणि चालकाला तोंडानेही सांगा.

रिक्षाचा अंदाज असावा म्हणून सांगतो. १ सप्टेंबर २०२२ पासूनचा पुण्यातला मीटरचा दर पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७ रुपये. विमानतळ ते जवळचं मेट्रो स्टेशन रामवाडी साडेचार-पाच किलोमीटर, म्हणजे त्या दराने पंचाहत्तर ते पंच्याऐंशी रुपये. मीटरने नेणारा भेटेलच असं नाही. सव्वाशे-दीडशे मागितले तर घासाघीस करत उभं राहू नका, तुमची दहा मिनिटं त्यापेक्षा महाग आहेत. तीनशे मागितले तर सरळ ॲप उघडा.

आगाखान पॅलेसचा मी आग्रह धरतो याचं पहिलं कारण अंतर. विमानतळापासून साधारण सहा किलोमीटर, दुपारी वीस-पंचवीस मिनिटं. येताना पस्तीस धरा. वर धरलेल्या तीन तास वीस मिनिटांतून तासभर प्रवासाला गेला तरी दोन तास वीस मिनिटं हातात राहतात. पॅलेसला सव्वा तास पुष्कळ होतो. उरलेल्या वेळात विमाननगरला येऊन निवांत जेवता येतं, आणि जेवताना विमानतळ दोन-तीन किलोमीटरवरच असतो.

दुसरं कारण असं की ही जागा थोडक्या वेळात पूर्ण बघून होते. तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये हा वाडा बांधला, तो दुष्काळात आजूबाजूच्या गावांना काम मिळावं म्हणून. इटालियन धाटणीच्या कमानी, चहूबाजूंनी रुंद व्हरांडा, समोर हिरवळ. ९ ऑगस्ट १९४२ ला ‘चले जाव’च्या ठरावानंतर गांधीजींना मुंबईत पकडलं आणि इथे आणून ठेवलं. ६ मे १९४४ पर्यंत ते इथेच होते. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई अटकेनंतर सहाव्याच दिवशी, १५ ऑगस्ट १९४२ ला इथेच वारले. १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपास केला तोही याच वाड्यात. कस्तुरबा गेल्या २२ फेब्रुवारी १९४४ ला, पतीच्या सुटकेच्या अडीच महिने आधी. १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी वाडा देशाला दिला.

बहुतेक लोक समोरून फोटो काढतात, दालनांतल्या तसबिरी बघतात आणि निघतात. तसं करू नका. इमारतीच्या मागच्या बाजूला, बागेतून थोडं चालत गेलं की दोन समाध्या आहेत, कस्तुरबांची आणि महादेवभाईंची, शेजारी शेजारी. गांधीजींच्या अस्थींचा काही भागही तिथेच आहे. नगर रस्त्याचे हॉर्न तिथवर जेमतेम पोचतात. वेळ कमी असेल तर आधी तिकडे जा, दालनं नंतर. आतल्या खोल्यांत जुन्या वापरातल्या वस्तू काचेआड आहेत. सकाळी ९ ते संध्याकाळी ५.३० ही वेळ आणि पंचवीस रुपयांच्या आसपास तिकीट. दुपारी साडेचारनंतर पोचणार असाल तर बेत बदला, कारण शेवटच्या अर्ध्या तासात माणसं तुम्हाला दाराकडेच वळवत असतात.

एक गंमत. मेट्रो मुळात नगर रस्त्यावरून, या वाड्यासमोरूनच जाणार होती. पण राष्ट्रीय स्मारकापासून शंभर मीटरच्या आत बांधकाम करता येत नाही, म्हणून मार्ग कल्याणीनगरमधून वळवला गेला. त्यामुळे मेट्रोने इथे यायचं तर कल्याणीनगर स्टेशनवर उतरून पुढे चालावं लागतं किंवा रिक्षा करावी लागते. विमानतळावरून थेट येणाऱ्याने त्या भानगडीत पडूच नये.

पॅलेस बंद झाल्यावर, म्हणजे संध्याकाळी साडेपाच ते आठच्या सुमाराला वेळ असेल, तर रामवाडीहून मेट्रोने तिसऱ्या स्टेशनवर, बंडगार्डनला उतरा. सात-आठ मिनिटांचा प्रवास. १८६९ सालचा दगडी कमानींचा फिट्झगेराल्ड पूल जवळच आहे. वाहनं आता शेजारच्या नव्या पुलांवरून जातात आणि जुना पूल चालणाऱ्यांसाठी ठेवला आहे. मुळा-मुठेवरचा वारा, दगडी सिंह, अर्धा-पाऊण तास मजेत जातो. पावसाळ्यानंतर नदीत जलपर्णी आणि वास दोन्ही असतात, तेव्हा फार काव्यमय कल्पना करून येऊ नका.

आता पेठा. साडेसहा-सात तास आहेत, हातात फक्त पाठीवरची पिशवी आहे, तर जरूर जा. जाताना टॅक्सी आणि येताना मेट्रो, असं करा. जाताना रस्त्यावर अडकलात तर बघण्याची वीस मिनिटं कमी होतात. येताना अडकलात तर विमान जातं. दुपारी टॅक्सीने पाऊण तासात शनिवारवाड्यापाशी पोचता येतं आणि ते मेट्रोपेक्षा लवकरच असतं. पण परतीचा पाऊण तास कधी दीड तास होईल याची हमी कुणी देत नाही. मेट्रोचं तसं नाही.

परतीचा हिशेब असा धरा. महापालिका स्टेशनपर्यंत चालत बारा मिनिटं. तपासणी आणि गाडीची वाट दहा मिनिटं, कारण गर्दीच्या वेळेत सहा-सात मिनिटांनी गाडी येते, एरवी दहा मिनिटांनी. महापालिका ते रामवाडी साधारण बावीस मिनिटं. रामवाडीहून विमानतळ रिक्षा मिळण्यासकट अर्धा तास, संध्याकाळी पाचनंतर चाळीस मिनिटं. बेरीज सव्वा ते दीड तास. वरच्या उदाहरणातल्या दुपारी १२.१० च्या माणसाला या हिशेबाने पेठेत जेमतेम तास-सव्वा तास मिळतो, आणि म्हणून मी त्याला पॅलेसला पाठवतो.

मेट्रोत नवखा माणूस हमखास एक चूक करतो. नकाशावर शनिवारवाड्याजवळचं स्टेशन ‘कसबा पेठ’ दिसतं, म्हणून तो रामवाडीहून येताना जिल्हा न्यायालय स्टेशनवर उतरून दुसरी मार्गिका पकडायला जातो. रामवाडी-वनाझ मार्गिका उंचावर आहे आणि स्वारगेटची गाडी जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर. सरकत्या जिन्यांवरून खाली-खाली जात राहायचं, मग गाडीची वाट, आणि एवढं करून प्रवास एका स्टेशनचा. त्यापेक्षा आहे त्याच गाडीत बसून राहा, पुढच्या स्टेशनवर, महापालिकेला उतरा आणि नव्या पुलावरून चालत या. पुलाचं नाव शिवाजी पूल आहे, पण रस्ता विचारताना ‘नवा पूल’ म्हणा. हा नवा पूल शतक गाठलेला आहे, तरी नवाच. मंडई किंवा स्वारगेटला जायचं असेल तरच गाडी बदलण्याला अर्थ आहे.

शनिवारवाड्याबद्दल खरं ते सांगून टाकतो. १० जानेवारी १७३० ला पाया घातला गेला, १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला, आणि आज तटाच्या आत जोती, कारंज्यांचे हौद आणि हिरवळ आहे. राजवाड्याच्या अपेक्षेने आलेला माणूस तिकीट काढून आत जातो आणि “बाकीचं कुठे आहे?” विचारतो. कमी वेळ असलेल्याने दिल्ली दरवाज्यासमोर पाच मिनिटं उभं राहावं. हत्तीने धडक देऊ नये म्हणून त्याच्या कपाळाच्या उंचीला लावलेले लोखंडी खिळे, मोठ्या दरवाज्यातच कापलेली माणूस वाकून जाईल एवढी दिंडी आणि वरचा नगारखाना. वाड्याचं जे वाचलं आहे त्यातला बघण्यासारखा ऐवज बाहेरूनच दिसतो.

तिथून कसबा गणपती पाच-सात मिनिटांवर. पुण्याचं ग्रामदैवत, देऊळ छोटं, गर्दी सणावारीच. मग बुधवार चौकाकडे चालत दगडूशेठ. रांग मोठी असेल तर आत जाऊ नका, मूर्ती रस्त्यावरूनही दिसते आणि असंख्य पुणेकर तसाच नमस्कार करून पुढे जातात. समोर भिडेवाड्याची जागा आहे, जिथे १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. मोडकळीला आलेला वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला, त्यामुळे जुन्या फोटोतला वाडा शोधत बसू नका. पुढे मंडई. १८८६ ची अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत, आत भाजीवाल्यांचे उंच गाळे. हे सगळं एका सरळ पट्ट्यात आहे, न रेंगाळता पाऊण तास. मंडईपर्यंत आलात की परत महापालिकेला चालत जाऊ नका, मंडईचं मेट्रो स्टेशन समोरच आहे. तिथून जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून रामवाडी. बदलाबदलीत सात-आठ मिनिटं जातात ती धरून चाला.

याच पट्ट्यात कुठेतरी अमृततुल्य लागेल, तिथे थांबा. पितळी पातेल्यात दूध, पाणी आणि साखर उकळत असते. आलं आणि वेलदोडा बत्त्याने ठेचून त्यात पडतो, वरून चहाची पूड. उकळी काठापर्यंत चढली की डावाने उंचावरून ओतून ती खाली बसवतात आणि फडक्यातून गाळतात. कप लहान, चहा घट्ट आणि गोड. “साखर कमी” सांगून उपयोग नाही, ती पातेल्यातच पडलेली असते. पाच मिनिटांत उभ्याने होतो, आणि कमी वेळ असलेल्या माणसासाठी पुण्यातला याहून चांगला खाद्यविषयक सल्ला माझ्याकडे नाही. मिसळ ही सकाळची गोष्ट, जुनी हॉटेलं दुपारी बंदही असतात. शिवाय तर्री खाऊन लगेच विमानात बसणं प्रत्येकाला मानवत नाही. मस्तानीला सदाशिव पेठेत जायला वेळ असेल तर ती बसून खायची गोष्ट आहे, घट्ट दूध आणि वर आइस्क्रीम, पंधरा मिनिटं सहज जातात, उन्हाळ्यात रांगेची वेगळी. बाकरवडीसाठी वाट वाकडी करू नका. चितळ्यांची दुकानं शहरभर आहेत, आणि दुपारी एक ते चार बंदचा विनोद जुना झाला, २०१७ पासून मुख्य दुकानं दुपारीही उघडी असतात.

गर्दीत रस नसेल तर महापालिका स्टेशनवर उतरून शनिवारवाड्याच्या उलट दिशेला, जंगली महाराज रस्त्याला लागा. दहा-पंधरा मिनिटांवर पाताळेश्वर. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं लेणं, भर शहरात रस्त्याच्या पातळीच्या खाली. पायऱ्या उतरून अंगणात आलं की समोर गोल नंदीमंडप, चौकोनी खांबांवर दगडाचीच छत्री, सगळं एकाच कातळातून कोरून मोकळं केलेलं. मागे खांबांच्या रांगा असलेली गुहा आणि गाभारा. काही भाग अर्धवट सोडलेला दिसतो, भिंतींवर छिन्नीचे घाव तसेच आहेत. तिकीट नाही. चपला बाहेर काढाव्या लागतात, आणि एप्रिल-मेच्या दुपारी अंगणातला काळा दगड तळपाय भाजतो, मोजे असतील तर ठेवा. आत मात्र गारवा. अर्धा तास बसावं असं वाटायला लावणारी जागा आहे, आणि पेठांतल्या धावपळीपेक्षा मला ती जास्त पटते.

आठ तासांपेक्षा जास्त असतील तर बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी मुलाच्या स्मरणार्थ गावोगावहून जमवलेल्या वस्तू: अडकित्ते, दिवे, कुलपं, कोरीव दारं, वाद्यं, आणि कोथरूडहून आणून पुन्हा उभा केलेला मस्तानी महाल. दीड तासाखाली जाऊ नका, अडकित्त्यांपाशीच वीस मिनिटं जातात.

सकाळी सहाच्या आत उतरलात तर सगळं गणित तुमच्या बाजूने फिरतं. टॅक्सीने पर्वती अर्ध्या तासात. १०३ पायऱ्या, रुंद आणि उतरत्या, वर नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं देऊळ आणि सगळं शहर पायाशी. साडेआठच्या आत नगर रस्ता ओलांडून परत या, त्यानंतर कामावर जाणाऱ्यांचा लोंढा सुरू होतो आणि तो अकरापर्यंत हटत नाही. रात्री अकरा ते पहाटे पाच मात्र काही बघू नका. मेट्रो सकाळी सहा ते रात्री अकरा चालते. विमाननगरात विमानतळापासून दोन-तीन किलोमीटरवर हॉटेलं आहेत, तिथे पडा.

बेत कोलमडवणारे दिवस ठरलेले आहेत. अनंत चतुर्दशीला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पेठांचं नाव काढू नका, गणेशोत्सवाच्या संध्याकाळी मध्यवर्ती रस्ते बंद असतात आणि मंडई स्टेशनच्या दारातच रांग लागते. आषाढीच्या आधी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हाही तसंच. आणि जुलै-ऑगस्टात ढग फुटल्यासारखा पाऊस सुरू झाला की पहिल्या वीस मिनिटांत रिक्षा नाहीशा होतात.

परतताना मेट्रो येरवडा सोडते तेव्हाच फोन काढून रामवाडीहून विमानतळाची रिक्षा बोलवा. मध्ये फक्त कल्याणीनगर राहतं, तुम्ही जिना उतरेपर्यंत गाडी खाली येते. स्टेशनबाहेर उभं राहून शोधायला लागलात तर संध्याकाळी तीन जण नाही म्हणतात आणि चौथा दुप्पट सांगतो. स्टेशनहून विमानतळाला जाणारी फीडर बस दिसली आणि सुटत असेल तर बसा, पण तिची वाट बघू नका.

विमानतळाच्या दारात डिजियात्रा, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडणारी सोय, चालते, मात्र पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास ॲपमध्ये आधी चढवलेला हवा. पहिल्या प्रवासाचा पास तिथे कामाचा नाही. हा तळ हवाई दलाचा आहे, धावपट्टीचे आणि सुखोईंचे फोटो काढायला बंदी आहे, बसच्या खिडकीतूनही. पिशवीत काय आहे तेही सुरक्षेच्या आधीच आठवा. तुळशीबागेत घेतलेली विळी, सुरी, कात्री किंवा अडकित्ता केबिनमध्ये जात नाही, आणि मोठी बॅग तर सकाळीच पुढे गेलेली असते. देवळातून मिळालेला अख्खा नारळही केबिन बॅगेत चालत नाही. तो मंडईच्या चौकातच फोडून वाटून टाका.